मागच्या सीटपर्यंत

१

उन्हाळा लागला की माझ्या गॅरेजात येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य तोंडात घेऊन येतो. "एसी गरम हवा मारतोय, जरा गॅस भरून द्या." जसा काही मी सिलिंडर विकायला बसलोय! मी गाडीला अजून हात लावलेला नाही, आणि याचं निदान झालं, औषधही ठरलं. मग माझं डोकं फिरतं. मी त्याला बाकावर बसवतो, पाण्याचा ग्लास हातात देतो आणि माझं भाषण सुरू करतो.

"हे बघा साहेब, एसी गारवा तयार करत नाही. गारवा म्हणून काही वस्तूच नसते. असते ती उष्णता. एसी ती आतून उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, बस्स. हमाल आहे तो. इकडचं ओझं तिकडे. आता हा हमाल का अडून बसलाय ते मला बघू द्या."

"झालं का सुरू पुराण?" वरून बायकोचा आवाज येतो.

आमचं घर गॅरेजच्या डोक्यावरच आहे. मागच्या अंगणातून लोखंडी जिना वर जातो. बायकोचे गुडघे गेलेत, त्यामुळे ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते, कठड्याला धरून जरा थांबते, मग पुढची पायरी. चप्पल एकदा वाजते, दुसऱ्यांदा वाजते, मग गप्प. मी गाडीखाली पडलेला असलो तरी मला कळतं, ती कितव्या पायरीवर आहे ते. घरात तिसरी आमची लेक. ती बँकेत नोकरीला आहे आणि संध्याकाळी आली की आम्हा दोघांना लहान मुलांसारखं रागावते.

गाडी दुरुस्त झाली की आमचा एक रिवाज आहे. मी खालून शिट्टी वाजवतो आणि बायको उतरून येते. मी पुढे चालवायला, बायको मागे डावीकडे. मांडीवर ताट, ताटात मटार किंवा लसूण, जे काही सोलायचं असेल ते. मी एक चक्कर मारतो. पुढच्या जाळीतून गार हवा तर कोणीही काढून दाखवेल, ती मागच्या सीटपर्यंत जायला हवी. जाळीत माझं तापमानाचं मीटर लावलेलं असतं, पण शेवटचा शिक्का बायकोचा. हवा तिच्या गालाला लागली की ती ताटातून मान वर न करता म्हणते, "पोहोचलं." मग मी गाडी वळवतो. तिनं म्हटल्याशिवाय आजवर एकही किल्ली मी गिऱ्हाइकाच्या हातात दिलेली नाही. लेक म्हणते, बाबांनी आईला आयुष्यभर फिरवलं, पण एकदाही स्वतःच्या गाडीतून नाही. खरं आहे ते.

२

ती गाडी आणली एका विमा कचेरीतल्या माणसानं. आम्ही त्यांना विमेवालेच म्हणत होतो. गाडी पांढरी, जुनी, पण नवरीसारखी जपलेली. ते उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा लालबुंद झाला होता. आता हा गॅसचं म्हणणार, असं धरून मी तयारीत उभा राहिलो. पण ते तसं काही म्हणाले नाहीत.

"माझ्या हाताला हवा गरम लागते हो," ते म्हणाले. "दोन ठिकाणी दाखवून आलो. ते मीटर लावतात नि म्हणतात, गाडी ठणठणीत आहे."

"मग हाताला काय विचारता? हाताचं काही खरं नसतं. मीटर खोटं बोलत नाही."

मी मागचं दार उघडलं, तर सीटवर दोन जाड ब्लँकेटं घडी करून ठेवलेली. बाहेर डांबर वितळत होतं आणि गाडीत ब्लँकेटं!

"बहिणीची आहेत," ते घाईनं म्हणाले आणि ती उचलून काखेत मारली. "दवाखान्यात न्यायचो ना तिला. मागे बसायची."

"आणि आता?"

"आता घरीच असते. अंथरुणावर."

जाताना ते फाटकापाशी थांबले, परत वळून आले. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, हे मला आज कळतंय. त्या वेळी मला वाटलं, खर्चाचं विचारणार. पण त्यांनी नुसता मागच्या काचेवर तळवा टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला आणि रिक्षा बघायला निघून गेले.

३

मी गाडीला हात घातला. इंजिन चालू केलं, एसीचं बटण दाबलं. कंप्रेसरचा क्लच टक्कन लागला. पुढचा पंखा फिरत होता. दोन्ही बाजूंना प्रेशरची घड्याळं जोडली, काटे जिथे हवेत तिथे. आतून परत येणारा पाइप हाताला बर्फ, त्यावर घाम सुटलेला. जाळीत मीटर खोचलं, तर आकडा सरसर खाली उतरला. गाडी चांगली होती. नुसती चांगली नाही, एकदम फर्स्ट क्लास.

मग सवयीनं मी हात जाळीसमोर धरला. हवा गरम होती.

इंजिनाची गरम हवा मला पाठ आहे. ती कोरडी असते, तिला धुळीचा आणि रबराचा वास येतो. ही तशी नव्हती. ही ओलसर होती, आणि सलग येत नव्हती. यायची, थांबायची, पुन्हा यायची. लेक तान्ही होती तेव्हा ती झोपली की मी उगाच तिच्या नाकासमोर बोट धरून बघायचो. तसं लागत होतं. आणि तिला वास येत होता टाल्कम पावडरीचा.

मीटरकडे बघितलं. आकडा थंडच.

मी काही काल शिकलेला नाही. हवा गरम येते म्हणजे हीटरचं पाणी कुठून तरी आत शिरत असणार, म्हणून हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप चिमट्यांनी दाबून बंद केले. हवा गरम. डॅशबोर्डखाली आडवा झालो आणि गरम-गार हवा मिसळणारी झडप बघितली. अडकलेली नव्हती, नीट मिटत होती. हवा गरम. फिल्टर काढला, झटकला, परत बसवला. शेवटी वैतागून ब्लोअरच बंद केला. आता हवा यायचं कारणच नव्हतं. तरी हाताला ती लागत होती, हलकी, तशीच थांबत थांबत.

"बॉनेट उघडं आहे, वारा शिरत असेल," मी मोठ्यानं म्हणालो. गॅरेजात ऐकायला कोणी नव्हतं. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

मग मला सुचलं की माझा हातच फसतोय. दिवसभर तापल्या इंजिनात हात घातलेला माणूस, त्याच्या हाताला काय कळणार? मी नळाखाली हात धुतले, डावा हात लावून बघितला, मग गाल लावला. गालालाही गरम. पण मीटर थंड. आता मीटर खरं धरायचं की गाल? इतकी वर्षं गिऱ्हाइकांना ज्या तोऱ्यात सुनावलं, तेच स्वतःला सुनावलं आणि बॉनेट बंद केलं. वाटलं, अजून एक मीटर आहे आपल्याकडे, ती मटार सोलतेय वर. तिला विचारू.

४

"आज लवकर शिट्टी वाजली?" म्हणत बायको जिना उतरून आली. काखेत ताट, गुडघ्यांना बाम चोळलेला. तिच्या अवतीभवती कायम त्या बामचा वास असतो. मागचं डावं दार उघडून ती बसली आणि दार नेहमीसारखं हलकेच लावलं. दार आपटलेलं तिला खपत नाही. हँडल वर उचलून धरते आणि मगच सोडते.

फाटकाबाहेर पडलो आणि माझ्या सीटच्या पाठीत काहीतरी रुतलं. मागे उंच माणूस बसला की त्याचे गुडघे जसे रुततात, तसे दोन.

"अगं, गुडघे काढ ना. पाठीत घालतेस."

"कोणाचे गुडघे? अहो, मी डावीकडे बसलेय!"

मी आरशात पाहिलं. ती डावीकडेच होती, मांडीवर ताट घेऊन. माझ्या बरोबर मागे काय आहे ते आरशात दिसत नव्हतं, माझंच डोकं आड येत होतं. सीटच्या पाठीत एखादा खिळा सुटला असेल, असं म्हणून मी जरा पुढे सरकून बसलो. ते दोन टोकदार गोळे माझ्याबरोबर पुढे सरकले.

"पोहोचलं," मागून बायको म्हणाली.

अजून पहिलं वळणसुद्धा आलं नव्हतं. "इतक्यात?"

"पोहोचलं म्हटलं ना. हाडांपर्यंत पोहोचलं. बंद करा हो."

तिच्या आवाजात दात वाजल्यासारखं काहीतरी होतं. आणि इकडे पुढे जाळीतून माझ्या तोंडावर भसाभस गरम हवा येत होती. तिला आता पावडरीचा वास नव्हता. बामचा होता. मी स्वतःला समजावलं, बाई गाडीत बसलीये, तिच्या बामचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येईल? गाडी वळवली. ती उतरली तेव्हा ताटातले मटार अर्धेही सोललेले नव्हते, आणि ती दोन्ही हात काखेत धरून जिना चढली. प्रत्येक पायरीवर नेहमीपेक्षा जास्त थांबत होती.

५

त्या रात्री तिनं माझा जुना स्वेटर काढला. दुसऱ्या दिवशी त्यावर शाल. पंखा बंद, खिडक्या बंद, घराची नुसती भट्टी झाली होती, आणि ती कोपऱ्यात बसून चहाच्या पेल्याला हात शेकत होती. पेल्याला हात लावून जरा वेळ झाला की चहा गार व्हायचा. गरम पाण्याची पिशवी पोटाशी दिली तर तीही तशीच. लेक पिशवी पुन्हा भरून आणेपर्यंत आधीची गार झालेली असायची.

"अहो, मला फ्रीजमध्ये ठेवा," बायको म्हणायची. "निदान दूध तरी नासणार नाही." हसायची. ओठ निळे पडलेले असायचे.

लेकीनं तिच्या तोंडात थर्मामीटर घातला. अगदी नॉर्मल. दुसरा आणला, तोही नॉर्मल.

"बाबा, तुम्ही हात लावून बघा," लेक रडकुंडीला आली. मी बायकोच्या कपाळाला हात लावला. कंप्रेसरकडे परत जाणाऱ्या गार पाइपला लावल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला. "सगळं नॉर्मल आहे," ते म्हणाले. "हाताला थंड लागतं याला काही अर्थ नाही हो. यंत्र काय सांगतं ते बघायचं." मी खुर्चीत बसून ऐकत होतो. माझंच भाषण मला कोणीतरी ऐकवत होतं, आणि मला त्या भल्या माणसाची गचांडी धरावीशी वाटली.

घरी आल्यावर मी विमेवाल्यांना फोन लावला. गाडी तयार आहे हे सांगायचं निमित्त होतं. विचारायचं होतं बहिणीबद्दल.

"ती गेली," ते म्हणाले. "तुमच्याकडे गाडी सोडली, त्याच दुपारी." मग तेच पुढे म्हणाले, "शेवटपर्यंत थर्मामीटर नॉर्मल दाखवत होता. मी गाडीत बसायचो ना, तर हवेला तिच्या पावडरीचा वास यायचा. वाटायचं, हे दुरुस्त झालं तर ती पण... कोणाला सांगणार? लोक वेड्यात काढतील. तुमच्याकडे मागे कोणी बसलं नाही ना?"

मी फोन ठेवला. गाडी न्यायला ते आले नाहीत, आणि मीही परत फोन केला नाही.

६

माझी बुद्धी काय ती एवढीच, पाइप आणि पंखे. पण त्या बुद्धीला एक गोष्ट कळत होती. उष्णता नाहीशी होत नाही. इकडची तिकडे जाते. बायकोची ऊब मागच्या सीटवरून उचलली गेली होती आणि पुढच्या जाळीतून बाहेर पडत होती. मग जाळीसमोर तिलाच बसवलं तर? आणि मागे मी?

वेडगळपणा होता, कबूल. पण घरात बायको डोळ्यांदेखत विझत चालली होती, आणि शहाणपणाचे सगळे उपाय करून झाले होते.

लेक बँकेत गेल्यावर मी बायकोला उचलूनच खाली आणली. गाडी गॅरेजात आडोशाला उभी होती. तिला पुढे डाव्या सीटवर बसवलं, किल्ली फिरवून एसी चालू केला, जाळी तिच्या तोंडाकडे वळवली. मग मी मागे जाऊन तिच्या पाठीमागे बसलो, तिच्या नेहमीच्या जागेवर.

"आज उलटी वरात?" ती कशीबशी म्हणाली.

"गप बस जरा. हात जाळीसमोर धर."

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग माझ्या उजव्या अंगाला गार लागलं. वरून नाही, समोरून नाही, फक्त उजवीकडून. उजवीकडची सीट रिकामी होती. तरी तिची गादी मध्यभागी दबलेली होती. जुनी गाडी, स्प्रिंग गेली असेल, मी म्हटलं. त्या बाजूच्या काचेवर आतून वाफ धरली होती. वाफेचा डाग लहान व्हायचा, मोठा व्हायचा. मी श्वास रोखून धरला. डाग लहान-मोठा होतच राहिला.

पुढे बायको हसली. खरं, पूर्वीचं हसू. "अगं बाई! काय छान ऊब येतेय हो. तुमच्या तंबाखूचा वास येतोय तिला."

मला तिचा चेहरा बघायचा होता, म्हणून मी आरशात पाहिलं. आरसा चालवणाऱ्याकडे वळलेला असतो, त्यात ती दिसणं शक्यच नव्हतं. दिसली ती एका कानाची कड आणि कानामागचा तीळ. बायकोच्या कानामागे तसा तीळ आहे, हे मला सोडून कोणालाही माहीत नाही. पण बायको माझ्या समोर बसली होती. आणि आरशातला कान माझ्या शेजारी होता.

मी दार ढकलून बाहेर पडलो, किल्ली काढली आणि जमिनीवरच बसलो. माझे दात वाजत होते. बायको स्वतःच्या पायांनी उतरली. तिचे गाल गुलाबी झाले होते. तिनं माझा हात हातात घेतला आणि तिचं हसू मावळलं.

"हे काय करून बसलात तुम्ही?" ती म्हणाली.

७

तिच्यापासून काही लपवणं मला कधी जमलेलं नाही. सगळं सांगितलं, कान सोडून. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला तेव्हा ती जिना उतरून गेली, आणि मी धावत खाली गेलो तर ती मागे बसलेली. इंजिन चालू, पुढची डावी सीट माझ्यासाठी मोकळी ठेवलेली.

"बसा आता मुकाट्यानं," ती म्हणाली. "इन्स्पेक्टर मी आहे. तुमचं काम पुढे बसायचं."

मी भांडलो, ओरडलो, हात जोडले. तिनं मागच्या दारांना आतून कुलूप लावून घेतलं होतं. मग बसलो. ती देतच होती, मग ते वाया तरी का घालवायचं?

तेव्हापासून हेच चाललं होतं. एक दिवस तिची ऊब मला, एक दिवस माझी तिला. ज्याची गार राहायची पाळी असायची, तो घरी स्वेटर घालून बसायचा आणि लेकीशी खोटं बोलायचा. "व्हायरल आहे. आईचं मला लागलं." लेक डोळे बारीक करून बघायची. इतकं प्रेम आमचं एकमेकांवर होतं, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या गाडीत कळलं, आणि त्या कळण्यानं मला रडू यायचं.

पण दर वेळी थोडं कमी यायचं. मागून जेवढं जायचं तेवढं पुढे पोहोचत नव्हतं. जाळीतली हवा आधी गरम होती, मग कोमट झाली, मग नुसती गार नाही एवढंच. मधल्या मध्ये कुठेतरी गळती होती. कुठे, ते मला माहीत होतं. मागची उजवी सीट. पहिल्यांदा तिला हात लागला तेव्हा बर्फ होती. आता ती कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी गरम लागत होती.

एक दिवस लेक लवकर घरी आली आणि तिनं आम्हाला गाडीत पकडलं. "काय खेळ आहे हा तुमचा? हवा लागते म्हणून बसता का इथे? सरका, मी पण बसते मागे," म्हणत तिनं उजवं दार उघडलं.

मी तिच्या अंगावर असा धावून गेलो की ती भेलकांडली. जन्मात पहिल्यांदा मी लेकीवर हात उचलला. मारला नाही, पण उचलला. ती जिना चढून वर गेली. बायको पुढच्या सीटवर बसून तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहिली.

"आता पुरे," ती म्हणाली. "आज ना उद्या ती बसेल. आपल्यासाठी म्हणूनच बसेल. ती माझ्यावर गेलीय."

८

मग मला ते सुचलं. कसं इतके दिवस सुचलं नाही, देव जाणे. मागे माणूस बसवायची गरजच काय? मागे कोणीतरी बसलेलं होतंच. आमच्याकडून घेतलेली ऊब घेऊन बसलं होतं. आम्ही दोघंही पुढे बसलो, तर हमाल ओझं कोणाकडून उचलणार?

त्याच संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, आम्ही दोघं पुढे बसलो. मी चालवायच्या जागी, ती डावीकडे. लेक वर स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता. ती माझ्याशी बोलत नव्हती. बायकोनं माझा हात धरला, मी किल्ली फिरवली आणि एसी पूर्ण चढवला.

पाठीत दोन गुडघे रुतले. आता ते टोकदार नव्हते, चांगले भरीव होते. मी मागे वळलो नाही. आरसा मी आधीच छताकडे वळवून ठेवला होता.

हवा आली. प्रथम गार, मग कोमट, मग अशी भरभरून गरम की बायकोनं डोळे मिटले. तिच्यात सगळे वास होते. बाम होता, माझा तंबाखू होता, आणि शेवटी शेवटी टाल्कम पावडरही. माझ्या बोटांत मुंग्या आल्या, मग बोटं माझी झाली. मुठीत धरलेला तिचा हात तापत गेला. आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसत होतो, रडत होतो. "येतंय हो, सगळं परत येतंय," ती म्हणत होती. पाठीमागे काहीतरी थरथरत होतं, त्यानं सगळी सीट हलत होती. थरथरू दे, मी म्हटलं. आमचं होतं ते. आम्ही परत घेत होतो.

आणि मागून, अगदी माझ्या कानाशी, आवाज आला.

"पोहोचलं."

बायकोचा आवाज. बायकोचे ओठ माझ्या डोळ्यांसमोर होते. ते हलले नव्हते.

पाठीतले गुडघे गेले. मागचं दार उघडलं आणि हलकेच लागलं, हँडल वर उचलून धरून सोडल्यासारखं. मी माझं दार उघडायला गेलो, तर हँडल नुसतं हातात फिरत राहिलं. तिचंही तसंच. काचांवर बाहेरून दाट वाफ बसली होती, पलीकडे काही दिसत नव्हतं.

"गेलं ना?" बायको कुजबुजली. "गेलं ना हो ते?"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. मागच्या अंगणात लोखंडी जिन्यावर चप्पल वाजली. एकदा, दुसऱ्यांदा. मग गप्प. पुढची पायरी. एकदा, दुसऱ्यांदा, आणि कठड्याला धरून जरा थांबणं.

आम्ही काच बडवली, हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही. बायको लेकीला हाका मारत होती, घसा फुटेपर्यंत. वर भांड्यांचा आवाज थांबला, दाराची कडी निघाली. आमचा आवाज तिच्यापर्यंत जात नव्हता, तिचा मात्र आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता.

"अगं आई, किती गार पडलीयेस!" ती म्हणाली. त्या आवाजातला दुपारचा राग कुठल्या कुठे गेला होता. "ये, बस इथे. माझ्याजवळ बस."